नर्सिंग झालं, आता पहिली नोकरी: पुण्यात काम शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. कुणी गावाकडची असते, कुणी भाचीची मैत्रीण, कुणी शिकताना आमच्या वॉर्डात पोस्टिंगला येऊन गेलेला मुलगा. "मॅडम, पुण्यात कुठे जागा आहे का?" इथून सुरुवात होते आणि मग तासभर एकेक प्रश्न निघत जातो. मी स्वतः बार्शीहून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून पुण्यात आले, पुढे पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची बीएस्सी, केली. आता मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे आणि फ्रेशर्सच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते. फोनवर जे सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे.

निकाल लागला. सगळ्यात आधी काय करू?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. बायोडेटा, फोटो, ओळखी हे सगळं त्यानंतर. तुमची परीक्षा जीएनएमची, म्हणजे महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असो, की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीएस्सी असो, नोंदणी दोघांचीही मुंबईच्या या एकाच कौन्सिलकडे होते. परिचारिका आणि प्रसाविका अशा दोन्ही नात्यांनी ती होते, म्हणून नावापुढे आरएन-आरएम लागतं.

अर्ज भरण्याआधी एक काम घरी बसून करा. दहावीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. वडिलांच्या नावात एकीकडे 'राव' आहे आणि दुसरीकडे नाही, आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहिलंय, एवढ्यावरून अर्ज मागे येतो आणि महिने जातात. मुलाखतीत निवडलेली मुलगी केवळ या कारणानं रुजू होऊ शकली नाही, असं मी पाहिलं आहे.

सोलापूर, लातूर, नांदेडकडची बरीच मुलं कर्नाटकात शिकून येतात. त्यांनी आधी शिकलेल्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी करायची, तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग महाराष्ट्रात नोंदवायचं. याला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या आठवड्यातच सुरुवात करा.

नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि तेव्हा निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण पाच वर्षांत १५० तासांचं आहे. नोकरीत पहिली कार्यशाळा कराल त्या दिवसापासून ती प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा.

नोंदणी हातात यायच्या आधीच एका हॉस्पिटलनं 'ट्रेनी' म्हणून बोलावलंय. जाऊ का?

शिकायला जरूर जा, पण नोंदणी झालेल्या सिस्टरच्या देखरेखीखालीच. स्वतःच्या सहीनं औषध देणं, एकटीनं वॉर्ड सांभाळणं, रात्री एकटीला ठेवणं यातलं काहीही सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. उद्या पेशंटला काही झालं तर केस पेपरवर सही तुमची असेल आणि तुमच्याकडे नोंदणी क्रमांक नसेल.

पुण्यात नेमकं कुठे कुठे विचारायचं?

पुणं नकाशावर मोठं दिसतं, पण हॉस्पिटलं ठरावीक पट्ट्यांत आहेत. स्टेशनजवळ ससून, आणि थोडं पुढे ससून रोडवर रुबी हॉल आणि जहांगीर. रास्ता पेठेत केईएम, सदाशिव पेठेत पूना हॉस्पिटल, एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर, शिवाजीनगरला हाडांसाठी संचेती, धनकवडीला भारती, हडपसरला नोबल. पलीकडे पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात, शिवाय डी. वाय. पाटील आणि आदित्य बिर्ला. बाणेर, खराडी, वाकडकडे नवी हॉस्पिटलं झाली आहेत. आणि प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात दहा-वीस खाटांची नर्सिंग होम आहेतच.

मोठ्या हॉस्पिटलांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, तो कराच. पण मी प्रत्यक्ष जायला सांगते. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, राउंड आटोपल्यावर, नर्सिंग ऑफिसमध्ये जा. सोमवार टाळा; त्या दिवशी ओपीडीची गर्दी असते आणि मॅट्रन मॅडम खुर्चीत सापडत नाहीत. बायोडेटा आणि कागदपत्रांच्या झेरॉक्सचा एक संच देऊन या, आठवड्यानं एक फोन करा. राजीनामा सांगून येत नाही. जागा अचानक रिकामी होते आणि तेव्हा टेबलावर ज्याचा कागद असेल त्याला बोलावलं जातं.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. 'युनिफॉर्मचं डिपॉझिट', 'फाइल चार्ज', 'सिक्युरिटी', नाव काहीही असो. नर्स मिळत नाहीत म्हणून हॉस्पिटलं हैराण आहेत. तुम्ही पैसे भरून कामाला लागायचं काहीच कारण नाही.

अनुभवच नाही, मग बायोडेटात लिहू काय?

एक पान पुरे. शिक्षण, नोंदणी क्रमांक, आणि क्लिनिकल पोस्टिंग नीट खुलवून लिहा: कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या वॉर्डात, किती आठवडे, हातानं काय केलंत. '२० प्रसूती पाहिल्या, ठरलेल्या संख्येइतक्या स्वतः केल्या, कॅथेटर टाकला, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकली' हे वाचून मला तुमच्याबद्दल काहीतरी कळतं. 'मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड' हे सगळ्यांच्याच बायोडेटात असतं. जे केलं नाही ते लिहू नका. पॅनेलवरची सिस्टर नेमकं तेच विचारते.

मोठं हॉस्पिटल बरं की छोटं नर्सिंग होम?

फोनवर सगळ्यात जास्त वेळ मी या प्रश्नावर घालवते, म्हणून इथेही सविस्तर लिहिते.

माझी पहिली नोकरी अठरा खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये होती. घराजवळ होतं, लगेच घेतलं, पगार मैत्रिणींपेक्षा थोडा जास्त होता. तिसऱ्याच रात्री मला एकटीला ठेवलं. सोबत एक मावशी. निवासी डॉक्टर होते, पण ते त्याच रात्री दुसरीकडेही बघत होते. पहाटे अडीचच्या सुमारास त्या दिवशी बाळंत झालेल्या बाईचा पॅड भरला, दुसरा भरला, बाई पांढरी पडायला लागली. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागत होतं. पुस्तकात वाचलेलं आठवलं: गर्भाशय चोळायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, सलाइन जोरात सोडायचं, डॉक्टरांना बोलवायचं. एका हातानं चोळत होते, मावशींना फोन लावायला सांगत होते, आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारं इंजेक्शन, कुठल्या कपाटात आहे हेच मला माहीत नव्हतं. डॉक्टर पंचवीस मिनिटांनी आले. बाई वाचली, बाळाला घेऊन घरी गेली. ती पंचवीस मिनिटं मात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाहीत.

नंतर मी मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथे केरळातल्या कोट्टायमकडच्या एक सीनियर सिस्टर होत्या. त्यांनी मला सहा आठवडे आपल्या शेजारून हलू दिलं नाही. औषध काढलं की आधी त्यांना दाखवायचं, मग पेशंटकडे जायचं. हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, त्या माझ्याकडून वदवून घ्यायच्या आणि सुटलेलं शेवटी विचारायच्या. त्या सहा आठवड्यांत मी नर्स झाले असं मला आजही वाटतं.

म्हणून मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणाले की तीन गोष्टी विचारा. पहिले किती दिवस मी कुणाच्या हाताखाली असेन? एकटीनं नाईट कधीपासून? एका शिफ्टला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? 'बघू, शिकाल हळूहळू' असं मोघम उत्तर आलं तर इमारत कितीही चकचकीत असो, मी तिथे माझ्या भाचीला पाठवणार नाही. उलट तीस खाटांचं हॉस्पिटल असेल, पण चांगली इन्चार्ज असेल आणि ती सांगत असेल की महिनाभर तू माझ्याबरोबर जनरल ड्युटी कर, तर खुशाल जा.

जीएनएमवाल्यांनी आणखी एक हिशेब करायचा. एम्सची नॉरसेट, म्हणजे केंद्राच्या एम्स हॉस्पिटलांतल्या नर्सभरतीची परीक्षा, पुढे द्यायची असेल तर जीएनएमला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पंधरा खाटांच्या नर्सिंग होममधली दोन वर्षं तिथे मोजली जात नाहीत. आज सोयीचं म्हणून घेतलेलं ठिकाण दोन वर्षांनी असं आडवं येतं.

थेट आयसीयू मिळतंय. घेऊ का, की आधी वॉर्ड करू?

आयसीयूचं आकर्षण मला कळतं, आणि तिथे शिकायला खूप मिळतं. पण व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकाला एक सिस्टर असायला हवी. फ्रेशरला पहिल्याच महिन्यात व्हेंटिलेटरचे दोन-तीन पेशंट देणारी जागा असेल तर नको. शेजारी अनुभवी सिस्टर कायम असेल तर घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सहा महिने मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्ड आधी करा. बरा दिसणारा माणूस बिघडायला लागतो तेव्हा आधी काय बदलतं, श्वासाची गती कशी वाढते, नेहमी बोलणारे आजोबा गप्प का झाले, हे डोळ्यांना वॉर्डात कळतं. आयसीयूत मॉनिटर वाजतो. वॉर्डात तुम्हालाच ओळखावं लागतं.

मुलाखतीत काय विचारतात?

आधी साधं: कुठून आलात, कुठे शिकलात, पुण्यात राहायची सोय आहे का. मग विषयात शिरतात. बऱ्याच ठिकाणी छोटी लेखी परीक्षाही असते. मी स्वतः जे विचारते ते सांगते.

सलाइनचा हिशेब हमखास असतो. ५०० मिली ४ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांना १ मिली. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. भागिले २४० मिनिटं. मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो ड्रिप सेट ६० थेंबांचा असतो. कागद-पेन मागायला लाजू नका. वॉर्डातही कागदावर करूनच मग सेट लावायचा असतो.

जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग विचारते. रक्तानं भिजलेला कापूस, ड्रेसिंग, वार हे पिवळ्यात; सलाइन सेट, कॅथेटर, हातमोजे लालमध्ये; सुया आणि ब्लेड टोचून आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात; काचेच्या व्हायल, अँप्युल निळ्यात. २०१६ च्या नियमांपासून हे असं आहे.

सीपीआर विचारतात: मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास. हात धुण्याच्या पाच वेळा, औषध देण्याचे 'राइट्स' (योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा वगैरे), शुद्ध मोजायचा ग्लासगो कोमा स्केल १५ पैकी कसा मोजतात. पोटॅशियम क्लोराइड कसं देतात, हा माझा आवडता प्रश्न आहे. कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. पातळ करून, हळू, शक्यतो पंपावर. 'आयव्ही देतात' एवढंच सांगून जी थांबते तिला मी पुढचं विचारते, कारण एवढ्याशा अर्धवट माहितीनं माणूस मरतो.

उत्तर येत नसेल तर 'मला हे माहीत नाही, मी सिस्टरना विचारून करीन' असं सांगा. पॅनेलवर बसल्यावर हे वाक्य ऐकायला मला खरंच बरं वाटतं. ज्या मुलीला 'मला येत नाही' म्हणता येतं तिच्या हातात मी पेशंट निर्धास्त देऊ शकते.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मोठ्या हॉस्पिटलात घेतील का?

घेतात. पेशंटशी मराठी-हिंदी चालतं आणि पुण्यात मराठी येणारी सिस्टर ही हॉस्पिटलची गरज आहे. मावळ-मुळशीकडून आलेल्या आजीला कुठे दुखतं हे तिच्या शब्दांत तुम्हालाच कळणार. इंग्रजी लागतं ते नर्सेस नोट्स लिहायला, डॉक्टरांची ऑर्डर वाचायला आणि फोनवर पेशंटची स्थिती सांगायला. त्याची वाक्यं ठरावीक असतात. एका वहीत रोजच्या नोट्सची वीस-पंचवीस वाक्यं उतरवून घ्या आणि मोठ्यानं वाचा. दोन महिन्यांत हात बसतो.

पगार किती मागायचा?

मोजपट्टी म्हणून राज्य सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी लक्षात ठेवा: सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये, वर भत्ते. जानेवारी २०१६ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमली होती. तिनं खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली की २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका असावा, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली नको. या शिफारसी आहेत. त्या अमलात आणण्याचं काम राज्यांवर सोडलेलं आहे आणि पुण्यातल्या बऱ्याच फ्रेशर्सना प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं काही कारण नाही. पण आकडे माहीत असले की निदान मान खाली घालून बोलावं लागत नाही.

'पॅकेज' ऐकून खूश होऊ नका, हातात किती येणार ते विचारा. भविष्यनिर्वाह निधीत मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि तितकेच मालकाचे असतात. काही जण मालकाचा वाटाही पॅकेजमध्येच मोजतात. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. डबल ड्युटीचे पैसे मिळतात की बदली सुट्टी, नाईटचा भत्ता आहे का, वसतिगृहाचे पैसे कापतात का, हे सगळं नेमणूकपत्रात लिहून घ्या.

बाँड लिहून द्या म्हणतात, आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणतात.

मूळ प्रमाणपत्रं देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, समोर बसून, आणि परत घेऊन या. जमा करायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स प्रती. माझी मूळ प्रमाणपत्रं एका ठिकाणी चौदा महिने अडकून पडली होती. तेवढ्यात सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीची तारीख आली आणि गेली. वडील दोनदा बार्शीहून आले, दिवसभर बाकावर बसले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन असा करार, त्याचं थोडं वेगळं आहे. केवळ बाँड आहे म्हणून तो बेकायदेशीर ठरत नाही. पण त्यात लिहिलेली रक्कम जशीच्या तशी वसूल होतेच असंही नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते, लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. हॉस्पिटलनं तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर वर्षभर थांबण्याची अट मला गैर वाटत नाही. काहीच न शिकवता दोन वर्षं आणि लाखाचा दंड लिहून मागत असतील तर सही करू नका. कोरा चेक, कोरा स्टँप पेपर तर कधीच नाही. करार घरी न्या, रात्रभर वाचा, फोटो काढून ठेवा. वाचायला द्यायलाच तयार नसतील तर तेवढ्यावरून काय ते समजा.

अडकलाच असाल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

सरकारी भरतीची तयारी करायची आहे. घरी बसून अभ्यास करू की नोकरी करत करू?

नोकरी करत. भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो, आणि घरी दोन वर्षं गेली की हात विसरतो. वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग, पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा, ईएसआय, रेल्वे आणि एम्सची नॉरसेट, इतक्या वाटा आहेत. राज्याच्या भरतीत खुल्या वर्गाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वयापर्यंत मुभा असते. नॉरसेटला मूळ मर्यादा ३० आहे, म्हणून ती आधी द्या.

नर्सिंगच्या विषयात मुलं कमी पडत नाहीत, ती मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनात अडकतात. कागदपत्रांत अडकतात ती वेगळीच: अधिवास, जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर. जाहिरात यायच्या आधी हे काढून ठेवा.

मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. मला घेतील का?

घेतात, आणि पूर्वीपेक्षा बरेच जास्त. कॅज्युअल्टी, ओटी, आयसीयू, डायलिसिस, कॅथ लॅब, ऑर्थो इथे ब्रदर्सना मागणी असते. प्रसूती आणि स्त्रीरोग विभाग बहुतेक मिळणार नाही. नॉरसेटमध्ये ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत, त्यामुळे मुलांची स्पर्धा अवघड होते, हे आधीच समजून अभ्यासाला लागा.

राहायचं कुठे? नाईटला जायचं-यायचं कसं?

हॉस्पिटलचं वसतिगृह असेल तर पहिलं वर्ष तिथेच काढा. नसेल तर चालत जाता येईल अशी खोली बघा, भाडं हजार-पाचशेनं जास्त पडलं तरी. सकाळची ड्युटी आठला सुरू होते म्हणजे साडेसातला हँडओव्हरला उभं राहायचं असतं. मेट्रोनं काही ठिकाणं सोपी झाली आहेत: रुबी हॉलच्या नावाचंच स्टेशन आहे, वायसीएमला संत तुकाराम नगर जवळ पडतं. पण संध्याकाळची शिफ्ट लांबली आणि रात्रीचे दहा-साडेदहा वाजले की पीएमपीच्या बसची वाट बघत उभं राहणं कठीण जातं. मुलाखतीतच विचारा, उशीर झाला तर हॉस्पिटलची गाडी सोडते का.

माझ्या हातून चूक झाली तर?

होईल. सगळ्यांच्या हातून होते. पेशंटला काय झालंय ते बघा, लगेच सीनियरला सांगा, डॉक्टरांना कळवा, घटनेचा अहवाल लिहा. केस पेपरवर खाडाखोड करू नका. लपवलेल्या चुकीत पेशंटचा वेळ जातो.

नव्या मुलींकडून कुठली चूक होऊ शकते ते सांगून ठेवते, म्हणजे टळेल. इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या असतात: लाल टोपीची ४० युनिटची आणि नारिंगी टोपीची १०० युनिटची. व्हायलवर '४० आययू/मिली' आहे की '१०० आययू/मिली' ते वाचून त्याच जोडीची सिरिंज घ्यायची. १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज घेऊन २० च्या रेषेपर्यंत भरलंत तर आत ५० युनिट जातात. अडीच पट. पेशंटची साखर इतकी खाली जाऊ शकते की तो उठणारच नाही. मी आजही दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय इन्सुलिन देत नाही, आणि माझ्या वॉर्डात कुणालाच देऊ देत नाही.

सुई टोचली तर काय करू?

साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, बोट पिळू नका, तोंडात घालू नका. लगेच इन्चार्जला सांगा, रात्र असली तरी. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही; ते २८ दिवस घ्यायचं असतं. तुमच्या हॉस्पिटलात सोय नसेल तर ससूनमध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं, केंद्र आहे. आणि रुजू व्हायच्या आधीच हिपॅटायटिस बीच्या तीन लसी घ्या: ०, १ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासून १० च्या वर आहे का बघा.

नातेवाईक अंगावर धावून आले तर? आणि सहकाऱ्यानंच त्रास दिला तर?

नातेवाईकांच्या बाबतीत आधी स्वतः सुरक्षित जागी जा, सिक्युरिटीला बोलवा, मग बोला. हॉस्पिटलांतली हिंसा रोखण्याच्या २०१० च्या राज्याच्या कायद्यात नर्सही येतात. मारहाणीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड आहे. तक्रार हॉस्पिटलनं द्यावी असा आग्रह धरा.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करायची. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ती असलीच पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. करणारा कितीही मोठा डॉक्टर असो, गप्प बसू नका. एकटं वाटत असेल तर ज्या सिस्टरवर विश्वास आहे तिला आधी सांगा आणि तिला सोबत घेऊन जा.

सगळे म्हणतात परदेशात जा. लगेच जाता येतं का?

आखातात बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव आणि प्रोमेट्रिक, म्हणजे तिथल्या परवान्यासाठीची संगणकावरची परीक्षा लागते. ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या कौन्सिलची संगणकावरची आणि नंतर प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीला बी-टू पातळीची जर्मन भाषा हवी. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्यात नर्सही आहेत. सगळीकडे आधी अनुभव किंवा भाषा, म्हणजे दीड-दोन वर्षं इथे जाणारच आहेत. ती चांगल्या वॉर्डात जावीत. एजंट गाठलाच तर तो केंद्र सरकारकडे नोंदलेला आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांत बोलणाऱ्यापुढे पासपोर्ट ठेवू नका.

पहिल्या दिवशी सोबत काय नेऊ?

सेकंद काटा असलेलं घड्याळ. एक निळं, एक लाल पेन, आणि एक जास्तीचं, कारण राउंडला कुणी ना कुणी मागतंच. खिशात मावेल अशी छोटी वही: पहिल्या दिवशी तिच्यात क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली) कुठे आहे, ऑक्सिजनचा जादा सिलिंडर कुठे आहे, ऑक्सिटोसिन आणि अॅड्रिनॅलिन कुठल्या कपाटात आहे, रात्री डॉक्टर न आल्यास कुठल्या नंबरवर फोन करायचा, एवढं लिहून घ्या. कुणी सांगितलं नाही तर स्वतः उघडून बघा. डबा दोन पोळ्या जास्तीचा न्या आणि वॉर्डातल्या मावशींना विचारून एकत्र जेवायला बसा. कुठली वस्तू कुठे असते हे त्यांना सगळ्यांत आधी माहीत असतं.